ईस्टरनंतर वाचायची पत्रं

आगाशी, शनिवार, १४ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

रोझी,
आनंदाची बातमी. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या विद्यापीठात सहा महिन्यांसाठी माझी निवड झाली. तरुण संशोधकांच्या देवाणघेवाणीची योजना आहे. जूनमध्ये जायचं. आई बरी आहे. डोळे नाताळात कळवले होते तसेच.
फेलिशिया


आगाशी, मंगळवार, १७ फेब्रुवारी

रोझी,

पोस्टकार्डावर जागा कमी असते, पण मी कमी लिहिलं ते जागेमुळं नाही. मला वाटलं होतं, बातमी वाचून तू स्वतःच विचारशील, "मग आईचं काय करणार?" मी मागायचं नाही, तू विचारायचं, अशी माझी ऐट. आणि आज सकाळी आईनं घरच्या आल्तारामागची, गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी चर्चात मिळालेली झावळी काढून माझ्या हातात दिली. "चर्चात देऊन ये, राखेला लागंल," म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या राखेचा बुधवार! उद्यापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, तेव्हा तुमच्या मठात पत्र आत जात नाही आणि बाहेर येत नाही. तू मठात गेलीस तेव्हापासून हा नियम मला पाठ आहे. इतर वर्षी आपण लिहीतच नव्हतो, म्हणून त्याचा जाच कधी झाला नाही.

पपा गेले आणि तू आली नाहीस. एक पानाचं पत्र पाठवलंस, त्यातही अर्धं पान बायबलातलं. तेव्हापासून नाताळच्या कार्डापलीकडं मी तुला काही लिहिलं नाही. तुला सिस्टर ॲनमरी म्हणायला अजून माझी जीभ वळत नाही. पाकिटावर लिहिते तेवढं पुरे. पण आता अडला हरी, म्हणून सगळं सांगते.

योजनेचं नाव लांबलचक आहे. मतलब असा, की विद्यापीठातल्या नव्या संशोधकांनी एकमेकांच्या देशात जाऊन काम करायचं. मी सहा महिने तिकडं, पुढच्या वर्षी तिकडची एक मुलगी सहा महिने आमच्या विभागात. पीएच.डी. होऊन पाच वर्षं भरायच्या आत असाल तरच घेतात, आणि माझी येत्या ऑगस्टात भरतात. चौतिसाव्या वर्षी मला 'उदयोन्मुख' म्हणताहेत. ऑगस्टनंतर तेही म्हणणार नाहीत. उगवणं आणि मावळणं यांच्यामध्ये आम्हांला दुपार दिलेलीच नाही.

मदेरात आपल्यासारख्याच केळीच्या बागा आहेत, फक्त डोंगरउतारावर. ते लोक केळी यंत्रात सुकवतात आणि ती चिवट होतात. आपली सुकेळी उन्हात वाळूनही मऊ कशी राहते आणि इतके दिवस टिकते कशी, तिच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव नेमकं काय करतात, हे मी इतकी वर्षं शोधते आहे. एका जागी येऊन अडले आहे, आणि पुढं जायला जे यंत्र लागतं ते आमच्याकडं नाही. तिथं आहे. तिथले प्रोफेसर स्वतः लिहितात, या. मला आजवर कुणी "या" म्हटलं नव्हतं गं, "बघू" म्हणायचे.

आता आई. काचबिंदूनं एक डोळा गेला आणि दुसऱ्यानं तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. घरातलं हातानं चाचपून करते, आणि कुणी आंधळी म्हटलं तर फाडून खाते. पण दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब, सकाळी साखरेचं इंजेक्शन. एकटी राहू शकत नाही.

माझं मागणं एवढंच. तुमच्या मठाच्या बाहेरच्या अंगाला पाहुण्यांची खोली आहे. आईला तिथं सहा महिने राहू द्याल का? तुम्ही आतल्या कुणी भिंतीबाहेर येत नाही, पण बाहेरची कामं बघणारी सिस्टर जेवण देईल, थेंब घालील. तू तिला जाळीतून भेटशील. मदरची परवानगी लागेल, आणि ती तूच मागू शकतेस. आईला नुसतं विचारलं तर तिचा चेहरा कसा झाला ते तुला लिहून कळणार नाही.

होकार ३१ मार्चच्या आत कळवायचा आहे. आधी हो म्हणून ठेवू, मग बघू, असंही करता येत नाही. हो म्हणून गेलं नाही तर आमच्या विभागाला पुढची दोन वर्षं अर्जच करता येत नाही. माझ्या मागं आमच्याच विभागातला विघ्नेश आहे, तो तर फुकट मरेल.

स्पीड पोस्टनं टाकते आहे. उद्या पोचलं तर मदर म्हणतीलही, बुधवार अजून संपला नाही.

फेलिशिया


आगाशी, गुरुवार, २६ फेब्रुवारी

रोझी,

पत्र पोचलं. मोबाईलवर दिसतं: शुक्रवार, 'वितरित'. म्हणजे ते तुझ्या खोलीपासून दोन भिंतींवर, मदरच्या कपाटात पडलं आहे. हेही तिथंच जाऊन पडेल. सगळं ठरून गेल्यावर तू हे वाचणार, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण इथं दुसऱ्या कुणाला लिहू?

प्रयत्न चालू आहेत. आपला चुलतभाऊ डिलन आणि प्रीतल रविवारी आले होते. डिलननं नेहमीसारखी छाती पुढं काढली, "काकीला आम्ही नेतो विरारला, तू बिनधास्त जा!" प्रीतल चहात साखर ढवळत राहिली. ढवळण्यावरून मला कळलं. जाताना गेटापाशी ती म्हणाली, "फेलिशिया, मी वाईट वाटून घेणार नाही, तूही घेऊ नकोस. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो. चौथा मजला, गॅस, बाल्कनी. काकींना दिवसभर कुलूप लावून ठेवू का?" तिचं काय चुकलं? डिलन तोवर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

शेजारची स्टेफी दिवसा बघायला तयार होती, पण तिला सातिवलीच्या एका पॅकिंग युनिटमध्ये नोकरी लागली. ती रडली आणि पेढे देऊन गेली. मीही पेढा खाल्ला, उपवासकाळ असून.

आईला मी विचारलं, "तुला राग येतो का माझा, मी जाते म्हणून?" ती सुकेळी बांधायची केळीची वाळकी पानं चाचपून वेगळी करत होती. म्हणाली, "पोर्तुगीज हितं आले तवा कोनी त्यांच्या आयांना विचारलं? गेले ते आपले. तू पन जा." मग एक पान हातानं सारखं करत, "त्या आयांचं काय झालं ते कोन लिवत नाय."

मी तिनं वेगळी केलेली पानं उचलून ठेवली.

फे.


आगाशी, रविवार, ८ मार्च

रोझी,

काल आम्ही तुझ्या दारात येऊन गेलो. तुला ठाऊक असेल की नसेल, मला माहीत नाही. तुझ्या आणि आमच्यामध्ये ती जाड भिंत आणि ते लाकडी फिरतं कपाट होतं. त्यात वस्तू ठेवायची, फिरवायची, आणि आतल्या हाताला द्यायची. हात मात्र दिसत नाही.

मी ठरवून आले होते. हे पत्र नाही पोचत, मग माणूस जाऊन उभं राहू दे. मदरना वेगळी चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली होती. आईला ठेवून येणं बरं झालं असतं, पण ती आदल्या दिवसापासूनच अंबाड्यात फूल कुठलं घालू विचारत होती. गाडीतून घाट चढताना तिनं रोजरीच्या दोन माळा पुऱ्या केल्या.

तुमची नेहमीची बाहेरची सिस्टर आजारी आहे म्हणे. तिच्या जागी दुसऱ्या मठातून एक तरुण सिस्टर आली आहे, केरळची, गोड, पण नियमाला पक्की. मी म्हटलं, मदरना भेटायचं आहे. ती म्हणाली, मदर उपवासकाळात कुणाला भेटत नाहीत. मी म्हटलं, फार महत्त्वाचं आहे. तेव्हा तिनं विचारलं. मला तिचे शब्द पाठ झाले आहेत.

"मरणाधरणाचं आहे का? तसं असेल तर मी आत्ता घंटा वाजवते, मदर येतील."

मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, "नाय गं बाय. मरनाधरनाचं काय नाय. देवाच्या दयेनं सगळी बरी हायेत."

रोझी, ती खोटं कशी बोलणार? मठाच्या दारात, उपवासकाळात! आणि खोटं होतं तरी कुठं? कुणीच मरत नाही. मी फक्त जाणार आहे, किंवा जाणार नाही. या दोन्हींसाठी घंटा वाजत नाही. आपल्यात मेलेल्याला सगळे धावतात. जिवंत माणसाचं काही अडलं तर म्हणतात, ईस्टर होऊ दे.

मी पर्समधली चिठ्ठी बाहेर काढलीच नाही. काढली असती तर आई खोटी पडली असती. नुसतं तुझं, सव्वीस तारखेचं पत्र कपाटात ठेवलं, सिस्टरनं ते फिरवलं, आणि पलीकडं कुणीतरी उचललं. ती तूच असशील का, असं मला एकदा वाटून गेलं.

सिस्टरनं आम्हांला पाणी प्यायला बसवलं ते बाहेरच्या पाहुण्यांच्या खोलीतच. स्वच्छ झाडलेली, कॉटवर नवी चादर. कॉटपासून न्हाणीच्या दारापर्यंत भिंतीला काथ्याची एक नवी दोरी बांधली होती. आईचा हात आपोआप तिच्यावर गेला. "ही कशाला गं बाय?" सिस्टर म्हणाली, "ईस्टरनंतर कोणी पाहुण्या येणार म्हणतात. मला काही माहीत नाही, आतून करून आली." आईनं डोळ्यांचं काही सांगितलं नाही. ती माझा दंड धरून असं चालते की नव्या माणसाला वाटावं, लेकीवर माया आहे. दोरीवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "गाठी बऱ्या मारल्यात." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझा जीव जळत होता, मला गाठींचं कौतुक कुठलं! आमची जागा आधीच दुसऱ्या कुणाला दिली, एवढंच माझ्या मनात आलं.

परतीच्या वाटेवर मी आईशी एक शब्द बोलले नाही. तिला वाटलं मी झोपले आहे. तिनं स्वतःची शाल काढून माझ्या अंगावर घातली, अर्धी तोंडावरच. मी तशीच बसून राहिले.

फेलिशिया


आगाशी, गुरुवार, १९ मार्च

रोझी,

आई खुशीत आहे. हे मला समजत नाही आणि सोसतही नाही. मठातून आल्यापासून ती बॅग भरते आहे. दोन सुती साड्या, रोजरी, पपांचा फोटो, थेंबांच्या बाटल्या एका डब्यात. भरते, काढते, पुन्हा भरते. मी म्हटलं, "आई, परवानगी कुठं मिळाली आहे?" तर म्हणते, "ईस्टर होऊ दे." मी म्हटलं, "मला एकतीसच्या आत सांगायचं आहे." तर म्हणते, "विमान काय ईस्टरनंतर उडत नाय?" विमान उडण्याची आणि हो म्हणण्याची तारीख वेगळी असते, हे मी तिला तीन प्रकारे समजावलं. तिनं मान हलवली आणि साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

मी मदेराला लिहिलं, उत्तराला आठवडाभर मुदत द्याल का? प्रोफेसरांचं फार सभ्य उत्तर आलं. त्यांना अतिशय वाईट वाटतं, पण तारीख योजनेची आहे, त्यांच्या हातात नाही. तुमच्या मठात फोन लावला. तीच सिस्टर. मदर आता एकांतवासात, त्या ईस्टरलाच बोलतील. "मरणाधरणाचं असेल तर..." म्हणाली. मी म्हटलं, नाही. मलाही आता ते खोटं बोलवत नाही, आईनं ते दार लावून घेतलं आहे.

आमचे हेड म्हणाले, "मॅडम, एवढी संधी सोडायची नसते." संधी सोडायची नसते, आई सोडायची नसते, नोकरी सोडायची नसते. मग माणसानं धरायचं तरी किती हातांनी? वर म्हणाले, "घरी कुणी नाही का?" मी म्हटलं, बहीण आहे. "मग झालं तर!"

झालं तर.

विघ्नेश काल माझ्या टेबलापाशी आला. हा वेटिंगवर पहिला आहे. अर्नाळ्याचा आहे, वडलांची होडी होती, आता नाही. हुशार आहे, सरळ आहे. त्याचा राग करायला मी फार प्रयत्न केला. "मॅडम, तुम्ही नक्की जाताय ना? नाही, तुम्ही जायलाच पाहिजे. मी आपलं विचारलं." आणि असा लाजला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. त्यानं पासपोर्ट काढून ठेवला आहे, हे मला दुसऱ्याकडून कळलं. काढणारच. मी नसता काढला?

एजन्सीची एक बाईही चार दिवस ठेवून बघितली. बाई चांगली होती, पण हिंदीशिवाय बोलत नव्हती आणि आईला हिंदी कळलं तरी ती उत्तर देत नाही. तिसऱ्या दिवशी थेंब घालताना आईनं तिचा हात झटकला आणि बाटली फुटली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. आई म्हणाली, "मला परक्या घरात ऱ्हाता येतं, पन माझ्या घरात परकी नको." मी त्यावर खूप ओरडले. मग दोघी जेवलो.

तू काय करत असशील या वेळी? मला तुझा दिवस माहीत नाही. मी कधी विचारलाच नाही.

फे.


आगाशी, मंगळवार, ३१ मार्च

रोझी,

'नाही' म्हणून कळवलं. दुपारी, विभागात बसून. चार ओळी. "कौटुंबिक कारणामुळे." या दोन शब्दांत तू, मी, आई, पपा, तुमची मदर, सगळे मावलो. प्रोफेसरांचं तासाभरात उत्तर आलं, की दार नेहमी उघडं आहे. त्यांना ऑगस्टचं माहीत नाही.

विघ्नेशला मी स्वतः सांगितलं. तो उभाच राहिला. मग वाकून माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, "अरे, मी अजून जिवंत आहे!" तो हसला आणि लगेच डोळे पुसत बाहेर गेला. माझे काही नमुने, गेल्या तीन वर्षांच्या नोंदी, मी त्याला देणार आहे. त्या तरी मदेरा बघतील. हे मोठ्या मनानं करते आहे असं समजू नकोस. नोंदी टेबलात ठेवून त्यांच्याकडं बघत बसणं मला जमणार नाही.

घरी आले तर आई दारात उभी, रविवारी चर्चात मिळालेल्या झावळीचा क्रूस विणून हातात. "हा रोझीकडं नेयाचा," म्हणाली. मी सांगणार होते. वाटभर शब्द जुळवत आले होते. आणि तिनं विचारलं, "आज ती तारीख होती ना गं तुझी? कळवलंस?"

मी म्हटलं, "कळवलं."

"बरं झालं," म्हणाली आणि आत गेली.

खोटं नाही बोलले. कळवलंच होतं. पण ती काय समजली हे मला माहीत आहे, आणि मी तिला तसं समजू दिलं. ईस्टर झाल्यावर सांगेन. आता पाच दिवसांनी तू ही सगळी पत्रं एका बैठकीत वाचशील. वाचून हातावर हात ठेवशील, तुला दुसरं काय करता येणार? ते गेला महिनाभर मी करतेच आहे.

फेलिशिया


मठ, ५ एप्रिल, ईस्टर रविवार

माझ्या लाडक्या फेलिशिया,

प्रभू उठला आहे! तुला आणि आईला ईस्टरच्या शुभेच्छा. साठलेली पत्रं मदर दुपारच्या जेवणानंतर वाटतील, पण मला धीर नाही. त्याआधीच हे लिहून फिरत्या कपाटात टाकते, म्हणजे उद्याच्या टपालात जाईल.

तुझं पोस्टकार्ड मला मंगळवारी दुपारी मिळालं, पेन खाली ठेवायच्या दिवशी. मी ते चॅपेलमध्ये नेऊन वाचलं आणि मोठ्यानं हसले, सगळ्या सिस्टरांनी वळून बघितलं. आपली फेली पोर्तुगालला! आणि लगेच मनात आलं, मग आईचं काय? तू लिहिलं नव्हतंस. तू मागणार नाहीस हे मला माहीत आहे. पपांच्या वेळी मी आले नाही. मागायचं तोंडच मी तुला ठेवलं नाही.

म्हणून मी तशीच मदरकडे गेले. म्हटलं, माझ्या आईला सहा महिने बाहेरच्या खोलीत ठेवून घ्याल का? मदर म्हणाल्या, "हे विचारायला हवं का? ती आमचीही आई." त्याच संध्याकाळी होकार मिळाला. मला तुला तेव्हाच कळवायचं होतं, पण पत्रं बंद व्हायची घंटा झाली. मदर म्हणाल्या, "जूनला अवकाश आहे, ईस्टरला आनंदानं कळव." मीही विचार केला, हाच माझा उपवास. इतकी गोड बातमी चाळीस दिवस तोंडात धरून ठेवायची.

खोली राखेच्या बुधवारपासून तयार आहे. आईसाठी दोरी करून मी कपाटातून बाहेर पाठवली. आजोबांनी पाचूबंदरला शिकवली होती तशी गाठ, हातभर अंतरावर एकेक. न्हाणीच्या दाराशी जोडगाठ आहे, म्हणजे तिला कळेल. रोज संध्याकाळी आम्ही सगळ्या तुझ्या प्रवासासाठी प्रार्थना करतो. सर्वांत म्हाताऱ्या सिस्टर स्टेला विमानाला घाबरतात, म्हणून त्या तुझ्यासाठी जास्तीची एक रोजरी म्हणतात.

आता निश्चिंत जा. आईला मी बघते. इतकी वर्षं तू बघितलंस.

तुझी रोझी
(आज सिस्टर ॲनमरी नाही)


आगाशी, शनिवार, ११ एप्रिल

रोझी,

तुझं पत्र काल आलं. मी ते आधी वाचलं नाही. तुझं अक्षर बघून आईच म्हणाली, "उघड, उघड, मोठ्यानं वाच." म्हणून उभ्या उभ्या वाचत गेले, पुढं काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. "त्याच संध्याकाळी होकार मिळाला" इथं आले आणि ती ओळ पुन्हा मनातच वाचली. आई म्हणाली, "वाच ना!" मी वाचलं. दोरीपर्यंत वाचलं, सिस्टर स्टेलाच्या रोजरीपर्यंत वाचलं. कसं वाचलं ते विचारू नकोस.

आईनं टाळी वाजवली. लहान पोरीसारखी. "बघ! मी म्हनत होते का नाय, ईस्टर होऊ दे!"

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ती दोरी हाताला लागली तवाच. माझ्या बापाची गाठ ती. वसईत दोघींच्याच हाताला हाय, माझ्या आनि रोझीच्या. तुला शिकवाया गेले तर तू पुस्तक घेऊन पळायचीस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"उपवासकाळ होता," ती म्हणाली. "तिनं गुपित ठेवलं होतं देवासाठी. मी कशाला फोडू? आनि तू तरी कुठं बोलत होतीस माझ्याशी?"

रोझी, मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तुझ्यावर ओरडावं तर तू माझ्या आधी माझा विचार केलास. मदरवर ओरडावं तर त्यांनी न विचारता हो म्हटलं. आईनं खरं सांगितलं, सिस्टरनं नियम पाळला. मी एक ओळ, फक्त एक ओळ पोस्टकार्डावर जास्त लिहिली असती, तारखेची, तर बास होतं. जागा होती गं. मी काल आठवून बघितलं, माझ्या सहीखाली चांगली दोन बोटं जागा कोरी होती.

विघ्नेशला विचारू का, असंही काल मनात आलं. तो परत देईलसुद्धा, तसलाच आहे. पण त्याचं नाव तिकडं गेलं, व्हिसाची तारीख मिळाली. आणि अर्नाळ्यात त्याच्या आईनं गल्लीभर सुके बोंबील वाटले, आमच्याकडंही पुडा आला (कशाचा, ते आईला ठाऊक नाही). तो पुडा आईनं तुझ्यासाठी बॅगेत ठेवला होता, मी काढला. मठात मासळी चालत असेल, पण घाटात गाडीला वास मारेल.

एव्हाना माझी सगळी पत्रं तू वाचली असशील. तुला काय झालं असेल ते मला दिसतं आहे. हसत हसत कपाटात पत्र टाकलंस, जेवलीस, आणि मग मदरनी तुझ्या हातात माझा गठ्ठा ठेवला. मी ती पत्रं तुला लागावं म्हणूनच लिहिली होती, खरं सांगते. आता हात जोडते, ती लावून घेऊ नकोस. तुमच्या प्रार्थना फुकट गेल्या असंही म्हणू नकोस. विमान उडणारच आहे, आत विघ्नेश आहे. सिस्टर स्टेलांना सांग, त्यालाही विमानाची भीती वाटते.

आता एकच राहिलं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. काल संध्याकाळपासून ती शेजारीपाजारी सांगत फिरते आहे, भिंती धरून धरून. "जूनमध्ये माझी एक पोरगी विमानात आनि मी दुसरीकडं." स्टेफीच्या आईला सांगितलं, चर्चातून, मिस्साहून येणाऱ्या बायांना सांगितलं. पपा गेल्यापासून तिला मी अशी बघितली नाही. तिला जर कळलं की मठाच्या दारात ती "नाय गं बाय" म्हणाली, आणि दोरी हातात धरूनही गप्प राहिली, आणि तिथंच माझं गेलं, तर ती त्या खोलीत एक दिवस सुखानं राहणार नाही. इथंही राहणार नाही.

म्हणून मी तिला आणते आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात. सहा महिने ती तुझ्याजवळ राहू दे, तिचा तेवढा हक्क आहे. मी आगाशीलाच असेन, विभागात जाईन, घरी येईन. फोनवर तिला मदेराचं सांगत जाईन. विघ्नेश मला तिकडचं कळवत राहील, पाऊस पडला, केळीला फूल आलं, असं. पण ती चतुर आहे. मी पोचले का, बोटीनं गेले की विमानानं, जेवते काय, हे ती जाळीतून तुला रोज विचारेल. तू सांग, पोचली म्हणून.

तुमच्या नियमात ते बसत नसेल तर मदरना विचार. आणि या वेळी ईस्टरची वाट बघू नकोस. घंटा वाजव, मरणाधरणाचं आहे म्हणून सांग.

दोरी आहे तशीच राहू दे.

फेली